सासऱ्यांसाठी उपग्रह रेडिओ

"मंगळवारी दुपारी एक वाजता हंगामातला पहिला सामना आहे," मार्लिस म्हणाली. "डॅडचा तिकडचा शेजारी लायल त्या दिवशी पाच वाजता गाडी घेऊन येणारच आहे, आणि डॅडच्या खोलीत बेसबॉल लागलं नाही, तर तो त्यांना शेतावर परत नेणार. ऐकतोयस ना, व्हर्लिन?"

मी ऐकत होतो. मी त्या वेळी कप पुसत होतो. मार्लिस वाक्याच्या शेवटी माझं नाव घेते तेव्हा आधीचं सगळं वाक्य धमकी असतं, हे एकतीस वर्षांच्या संसारात मला कळलेलं आहे. मंगळवार बारा दिवसांवर होता.

प्रकरण साधं होतं. माझे सासरे ऑर्व्हिल स्टेनरूड, वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळे, मिनेसोटाच्या हद्दीजवळच्या आपल्या शेतावर एकटे राहायचे. जानेवारीत गोठ्याच्या दारात बर्फावर घसरून पडले आणि दोन तास तसेच पडून राहिले. टपालवाली आली म्हणून वाचले. इस्पितळातून आणताना मी गाडीतच म्हणालो, "डॅड, आता आमच्याकडेच राहा." ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तुमच्याकडे बेसबॉल लागत नाही."

हे खरं होतं. आमचं नॉर्डाल गाव तिथून अडीचशे मैल पश्चिमेला. आमच्याकडे रेडिओवर गव्हाचे भाव, हवामान आणि पुन्हा गव्हाचे भाव लागतात. टीव्हीचा त्यांना उपयोग नाही, कारण टीव्हीवरचे समालोचक बघणाऱ्याला सगळं दिसतंय असं धरून मधेमधे गप्प बसतात. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "बेसबॉलचं माझ्याकडे लागलं!" त्यावर सासरेबुवा म्हणाले, "मग पहिला सामना होईपर्यंत राहून बघतो." आणि ते आले. उत्तरेकडच्या खोलीत खुर्चीवर बसले, आणि डोक्यावरची टोपी त्यांनी जेवतानासुद्धा काढली नाही. स्टेशनवर गाडीची वाट बघणारा माणूस बसतो तसे बसायचे. मार्लिस रोज सकाळी त्या टोपीकडे बघायची आणि मग माझ्याकडे बघायची.

"तिकडे परत पडले तर कुणाला कळणार आहे?" ती एकदा एवढंच म्हणाली आणि मोरीकडे वळली. तिची पाठ हलत होती. मला फार भीती वाटली. रेडिओ ही आता गंमत राहिलेली नव्हती.

उपग्रह रेडिओ नावाची चीज तेव्हा, दोन हजार सहा साली, आमच्याकडे नुकतीच रुळत होती. दरमहा पैसे भरायचे, आणि मग तुम्ही उजाड माळावर कुठेही जा, आकाशातून दीडशे स्टेशनं तुमच्या मागे येतात. कंपन्या दोन. एक स्टारलार्क, दुसरी ऑर्बिटा. एकीचं यंत्र दुसरीच्या बाबतीत ठार बहिरं. आणि गावात दोन्हींचे भक्त. आमच्या गावात दोन पंथांच्या लोकांनी एकमेकांत लग्नं करायला साठ वर्षं घेतली, त्याच गावाने स्टारलार्कवाले आणि ऑर्बिटावाले अशा दोन फळ्या आठ महिन्यांत उभ्या केल्या होत्या.

ऑर्बिटाचे मुख्य प्रचारक म्हणजे आमच्या मागच्या अंगणाला लागून राहणारे हार्लन ब्रेक्के. चाळीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त. स्टारलार्कचा झेंडा ड्वेन शॅट्झच्या हातात. त्याचं मुख्य रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान, आणि दुकानात स्टारलार्कची यंत्रं बर्फ ढकलायच्या फावड्यांच्या शेजारी मांडलेली.

"माझं काही म्हणणं नाही," हार्लन कुंपणावरून म्हणाले. आमच्याकडे सगळी म्हणणी अशीच सुरू होतात. "तुला हवं ते घे. पण स्टारलार्कचे उपग्रह दक्षिणेला जागच्या जागी बसलेले असतात, आळशी माणसासारखे. आमचे ऑर्बिटाचे फिरते आहेत. थेट डोक्यावर येतात. तुझ्या दक्षिणेला काय आहे ते बघ जरा."

माझ्या दक्षिणेला सहकारी धान्यकोठार आहे. एकशेतीस फूट उंच सिमेंटचे दहा गोल हौद ओळीने उभे. हिवाळ्यात आमच्या घरावर ऊन येतं ते त्यांच्या परवानगीने.

ड्वेन दुकानात म्हणाला, "मी काही आग्रह करत नाही. हार्लन चांगला माणूस आहे. ट्रकमध्ये इतकी वर्षं बसल्यावर कुणाच्याही कानांचं थोडं इकडेतिकडे होणारच."

मी काउंटीच्या कचेरीत जमिनींच्या नोंदी ठेवतो. लोक भावनेच्या भरात निर्णय घेतात आणि मग बांधावरून भांडत माझ्या टेबलाशी येतात, हे मी सत्तावीस वर्षं बघतोय. तेव्हा मी शास्त्रीय पद्धतीने तक्ता केला. उभ्या रकान्यांत दोन कंपन्या, आडव्या ओळींत एकतीस मुद्दे: उपग्रहांची संख्या, यंत्राचं वजन, आकड्यांचा आकार, हमीची मुदत, बटणं बोटाला कळतात की नाही. 'क्रीडा' या ओळीत दोन्हीकडे बरोबरची खूण होती. तक्ता मी कचेरीत दोघांना दाखवला. "वाईट नाही," ते म्हणाले, आणि आमच्या भागात याच्या पलीकडे कौतुक नाही. ऑर्बिटा एकोणीस विरुद्ध तेरा अशी जिंकली.

यंत्र पाच दिवसांनी आलं. ते सुरू करायला फोन करावा लागतो. फोनवरच्या बाईंनी माझा पत्ता विचारला. मी टपालपेटीचा नंबर सांगितला. त्या म्हणाल्या, टपालपेटी चालत नाही, घर नंबर हवा. मी म्हणालो, आमच्या गावात घरांना नंबर नाहीत, टपालवालीला सगळे माहीत आहेत. त्या म्हणाल्या, त्यांच्या संगणकाला टपालवाली माहीत नाही. शेवटी मी काउंटीच्या नोंदीतलं आमच्या जागेचं संपूर्ण वर्णन वाचून दाखवलं: अमुक विभागाच्या आग्नेय चतुर्थांशाचा वायव्य कोपरा, लोखंडी खुंटीपासून एकशेवीस फूट पूर्वेस. पलीकडे कळफलकावर दोनदा टकटक झाली. मग बाई हळूच म्हणाल्या, "सर, मी तुमच्यासाठी नंबर एक टाकते." तेव्हापासून आमचं घर ऑर्बिटाच्या दप्तरी एक नंबरचं आहे, ही त्या व्यवहारातली एकमेव कमाई.

रेडिओ लागला. काय आवाज! सासरेबुवांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. मी क्रीडावाहिन्या एकेक लावत गेलो. मोटारींच्या शर्यती लागल्या. आइस हॉकी लागली. फुटबॉलच्या जुन्या सामन्यांवर चार माणसं भांडताना लागली. मोटारींच्या शर्यती पुन्हा लागल्या.

"बेसबॉल कुठाय?" मार्लिसने विचारलं.

मी माहितीपुस्तक उघडलं. बेसबॉलचे हक्क स्टारलार्ककडे होते. ऑर्बिटाकडे फुटबॉल. एकतीस मुद्द्यांच्या तक्त्यात 'बेसबॉल' ही ओळ मी घातलेलीच नव्हती.

मार्लिसने माहितीपुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं. सासरेबुवांनी टोपी सरळ केली आणि म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे. गाड्या अगदी खोलीतून गेल्यासारख्या वाटतात. जरा वेगळंच आहे."

आमच्या भागात 'जरा वेगळंच आहे' याच्यापेक्षा कडक शब्द चारचौघांत वापरत नाहीत. मी यंत्र उचलून बाहेर गेलो. सात दिवस उरले होते.

ऑर्बिटा बंद करायचा फोन हा सुरू करायच्या फोनपेक्षा तिप्पट लांब होता. पहिल्या माणसाने कारण विचारलं. दुसऱ्याने तीन महिने फुकट देऊ केले. तिसऱ्याने मला फुटबॉल का आवडत नाही याची इतक्या आपुलकीने चौकशी केली की मला माझ्या स्वभावात काहीतरी कमी आहे असं वाटू लागलं. शेवटी मी म्हणालो, "हे पाहा, माझे सासरे निघून जातील!" तो आनंदाने म्हणाला, "मग तर सर, अभिनंदन!" मी फोन ठेवला. तो माणूस बहुधा दूर कुठल्यातरी शहरातला होता.

स्टारलार्कचं यंत्र मी ड्वेनच्या दुकानातून आणलं. ड्वेनने विजय तोंडावर दिसू दिला नाही, फक्त फावडी पुसत शीळ घालत राहिला. घरी आणून खिडकीत ठेवलं. यंत्रावर अक्षरं आली: 'सिग्नल नाही.' छपरावर ठेवलं. सिग्नल नाही. मी शिडीवर उभा राहून दक्षिणेकडे पाहिलं, तर दहा हौद माझ्याकडे पाहत होते. हार्लन आपल्या अंगणात उभे होते. त्यांनी नुसता कॉफीचा एक घोट घेतला.

तक्त्यात या मुद्द्यावर ऑर्बिटाला मी स्वतः गुण दिले होते, हे मला ठाऊक होतं. पण जिथे आकाश होतं तिथे बेसबॉल नव्हतं आणि जिथे बेसबॉल होतं तिथे धान्य होतं. याला मी काय करणार?

उंच खांब उभारावा म्हटलं, तर बारा फुटांहून उंच खांबाला परवानगी लागते. अर्ज दिल्यापासून एकवीस दिवस नोटीस लावावी लागते, शेजाऱ्यांच्या हरकती मागवाव्या लागतात. मी कारकुनाशी हुज्जत घालू शकलो नाही, कारण तो फॉर्म आठ वर्षांपूर्वी मीच तयार केला होता. एकवीस हा आकडाही माझाच. तेव्हा लोकांना विचार करायला वेळ मिळावा अशी माझी भूमिका होती.

मग मी यंत्र हातात धरून, अंगणा-अंगणांतून, बर्फाच्या चिखलातून हिंडलो. लोक पडद्याआडून बघत होते. कुणी काय चाललंय म्हणून विचारलं नाही. दोन बायकांनी मात्र संध्याकाळी मार्लिसकडे हॉटडिश आणून दिली. खिमा, बटाटे आणि डब्यातलं मशरूमचं सूप एकत्र भाजलेला हा पदार्थ आमच्याकडे घरात आजारपण असलं तरच कुणी आणून देतं. "व्हर्लिनची तब्येत कशी आहे?" असं त्यांनी हळू आवाजात विचारलं म्हणे.

सिग्नल अख्ख्या परिसरात एकाच जागी सापडला. दोन हौदांच्या मधल्या फटीतून आकाशाची एक चीर दिसते, तिच्या बरोबर समोर. हार्लन ब्रेक्के यांच्या शेडच्या छपरावर.

हार्लनकडे मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा आम्ही हवामानाबद्दल बोललो. दुसऱ्यांदा हवामान आणि डिझेलबद्दल. तिसऱ्यांदा मी निघताना, दाराच्या कडीला हात लावून, म्हणालो, "तुमच्या शेडचं छप्पर चांगलं आहे."

"गळत नाही," हार्लन म्हणाले.

"त्याच्यावर एखादी लहानशी वस्तू ठेवली तर..."

हार्लननी बराच वेळ शेडकडे पाहिलं. ऑर्बिटाच्या गडावर स्टारलार्कचा अँटेना. "ऑर्व्हिलसाठी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नुकसान तर काही होणार नाही म्हणा," ते म्हणाले. हा होकार होता. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण तसं आमच्याकडे करत नाहीत, म्हणून मी पुन्हा एकदा हवामानाबद्दल बोललो.

आता यंत्र हार्लनच्या शेडमध्ये आणि सासरे माझ्या घरात. मध्ये दीडशे फूट. पण या यंत्राबरोबर एक काडेपेटीएवढा प्रक्षेपक येतो. एफएमवर जी जागा रिकामी असेल तिथे तो यंत्राचा आवाज सोडतो, आणि जवळचा कुठलाही साधा रेडिओ त्या जागी लावला की तो आवाज पकडतो. ड्वेन गुरुवारी दुकान बंद करून आला, रेडिओचा काटा फिरवून म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी पॉइंट एक. इथे चिटपाखरू नाही." प्रक्षेपकाची ताकद दहा फुटांची होती. ड्वेनने त्याला आतून काहीतरी डाग दिला आणि बाहेरून तांब्याची एक लांबलचक तार जोडली. हार्लनच्या मागच्या पायरीवरच्या प्लगमधून वायर बर्फाखालून शेडमध्ये नेली. उत्तरेकडच्या खोलीत सासरेबुवांचा जुना रेडिओ एकदम बोलू लागला. सराव-सामन्याबद्दल कुणीतरी खर्जात सांगत होतं, अगदी स्वच्छ.

"वाईट नाही," सासरेबुवा म्हणाले. पण टोपी डोक्यावरच होती.

"मंगळवारी बघू," मार्लिस मला स्वयंपाकघरात म्हणाली. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी लवकर झोपली.

शनिवारी एल्मर क्विस्ट वारले. एल्मरनी अडतीस वर्षं शाळेची बस चालवली. पंचक्रोशीतलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या मागे बसून शाळेत गेलेलं. अंत्यविधी मंगळवारी दीड वाजता ठरला. मी चर्चमध्ये दाराशी उभा राहून लोकांना जागा दाखवणारा, म्हणजे मला जाणं भागच. मार्लिस तळघरात जेवणाच्या तयारीला. आम्ही एक वाजता सासरेबुवांना रेडिओ लावून दिला, सामना सुरू झाल्याची खात्री केली आणि निघालो. मला हलकं हलकं वाटत होतं. देवाने एकदाचं ऐकलं, असं मी चर्चच्या पायऱ्या चढताना मनात म्हटलंसुद्धा.

चर्च भरून गेलं. अशा वेळी उरलेले लोक बाहेर आवारात आपापल्या गाड्यांत बसतात. पास्टर लोवेल यांनी काही वर्षांपूर्वी एक लहान प्रक्षेपक बसवून घेतला आहे. आतला विधी गाड्यांमधल्या रेडिओवर ऐकू येतो. तो फक्त रविवारी आणि अंत्यविधींना लावतात. आणि प्रार्थनेला 'आमेन' म्हणायचं झालं की गाडीतले लोक हॉर्न वाजवतात. हा आमच्याकडचा रिवाज आहे. एल्मरसाठी तेवीस गाड्या उभ्या होत्या.

कितव्या स्टेशनवर ऐकायचं याची पाटी आवारात आहे. ती मी दहा वर्षांत कधी वाचली नव्हती, कारण मी कायम आत असतो. आणि ज्या गुरुवारी ड्वेनने काटा फिरवला, त्या गुरुवारी ती पाटी बर्फाच्या ढिगाऱ्यामागे होती.

पास्टर लोवेल नुकते कुठे म्हणाले होते, "एल्मर हा शांत माणूस होता..." तोच बाहेर तेवीस हॉर्न एकदम वाजले. छान, दीर्घ वाजले.

पास्टर थांबले. आत लोक एकमेकांकडे बघू लागले. तिथे 'आमेन'ची जागा नव्हती. पण पास्टरांचे डोळे भरून आले. वीस वर्षं ते या गावात प्रवचनं देतायत. लोकांनी आपण होऊन हॉर्न वाजवावेत असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी लिहून आणलेला कागद घडी करून खिशात ठेवला आणि उत्स्फूर्त बोलू लागले.

हा अनर्थ होता. अर्ध्या तासाने ते एल्मरच्या बसच्या ब्रेकबद्दल सांगत असताना पुन्हा हॉर्न वाजले, आणि या वेळी कुणीतरी तीनदा तोडून तोडून वाजवला. पास्टरांनी आता आठवणी सांगायला लोकांना पुढे बोलावलं. एल्मरच्या पत्नी, बर्निस, पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. तीन वाजले. सव्वातीन वाजले. बाहेरून एक मोठा, सामुदायिक, विव्हळल्यासारखा आवाज आला. अंत्यविधीत माणसं रडतात, पण असं एका सेकंदात रडत नाहीत. मी हळूच दार लोटून बाहेर गेलो.

पहिल्याच गाडीची काच थोडी उघडी होती. आत तीन माणसं काळ्या सुटांत पुढे झुकून बसली होती. आणि तो खर्जातला आवाज म्हणत होता, "आठवी इनिंग, तीन-तीन बरोबरी, दोन खेळाडू तळांवर..." पुढच्या गाडीत तेच. त्याच्या पुढच्यात तेच. ड्वेनच्या तांब्याच्या तारेने त्याच अठ्ठ्याऐंशी पॉइंट एकवरच्या चर्चला पार झोपवलं होतं. दोन तास होत आले, तेवीस गाड्यांपैकी एकानेही आत येऊन सांगितलं नव्हतं. सांगणं बरं दिसलं नसतं. शिवाय सामना बरोबरीत होता.

मी धावलो. सुटात, बुटांत, चर्चच्या आवाराला लागून असलेल्या हार्लनच्या अंगणाकडे. शेडला कुलूप. किल्ली हार्लनच्या खिशात. आणि हार्लन शवपेटी उचलणाऱ्या सहाजणांत, पहिल्या बाकावर. मग मला वायर आठवली. मी गुडघ्यांवर बसून हातांनी बर्फ उकरत ती शोधत पायरीपर्यंत गेलो. प्लग हातात आला आणि मी थांबलो.

मी खरं सांगतो, मी थांबलो. मागे तेवीस गाड्यांतून समालोचक बोलत होता. पलीकडे माझ्या घराच्या खिडकीत सासरेबुवांची टोपी दिसत होती, पुढे झुकलेली. आतापर्यंत त्यांना एक शब्दही चुकला नव्हता. प्लग काढला तर सामना गेला, आणि पाच वाजता लायल. मला गोठ्याच्या दारातला बर्फ दिसत होता. इकडे बर्निसताई, त्रेसष्ट वर्षांचा संसार संपवून बसलेल्या. मला दोन्हीकडची माणसं हवी होती. पण त्या दिवशी निरोप एल्मरचा होता. मी प्लग उपटला.

क्षणभर काही नाही. मग सगळ्या गाड्यांतून पास्टर लोवेल यांचा आवाज आला, "मातीतून आला, मातीत मिळाला." तेवीस गाड्यांतली माणसं एकदम सावरून बसली. आणि माझ्या लक्षात आलं की तोच आवाज या क्षणी आमच्या उत्तरेकडच्या खोलीतही घुमत असणार, शेवटून दुसऱ्या, आठव्या इनिंगमध्ये, दोन खेळाडू धाव घ्यायला तळांवर उभे असताना.

तळघरातल्या जेवणाला कुणी मला काहीही म्हणालं नाही. हॅमचे सँडविच घेऊन लोक माझ्याजवळून जात होते आणि म्हणत होते, "छान झाला विधी." एकजण माझ्या गुडघ्यावरच्या चिखलाकडे बघून म्हणाला, "बर्फ वितळायला लागलाय." हार्लन म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही," आणि त्यापुढे त्यांनी खरंच काही म्हटलं नाही. शेवटी बर्निसताईंनी माझा हात हातात घेतला. "व्हर्लिन," त्या म्हणाल्या, "जरा वेगळंच झालं." मला जमीन दुभंगून हवी होती, पण आम्ही आधीच तळघरात होतो.

पावणेपाचला आम्ही घरी आलो. सासरेबुवा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. अंगात कोट, डोक्यावर टोपी, हातात काठी. शेजारी त्यांची तपकिरी सुटकेस, दोन्ही पट्टे आवळलेले. मार्लिस दारातच थांबली. तिने तोंडावर हात ठेवला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"एल्मर क्विस्ट, डॅड."

"चांगला माणूस दिसतो. पास्टर बरंच बोलले." मग म्हणाले, "सामन्याचं काय झालं?"

"माहीत नाही. प्लग मी काढला. तो रेडिओ आता लावता येणार नाही, डॅड. स्टेशन चर्चचं आहे. दुसरं काही शोधीन, पण आज नाही."

"हं," ते म्हणाले. "मग तसं असेल तर..."

बाहेर लायलच्या गाडीचा आवाज आला. माझे गुडघे ओले होते, नखांत बर्फाखालची माती होती, तक्ते, फॉर्म, नियम सगळं संपलं होतं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून जे होतं तेच बोललो.

"डॅड, जाऊ नका."

"तुम्हाला उगाच अडचण."

"अडचण नाही. राहा."

"मार्लिसच्या मागे किती कामं असतात."

"राहा हो, डॅड. आम्हाला तुम्ही इथे हवे आहात."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. आमच्याकडे कॉफीलासुद्धा पहिल्या बोलावण्याला हो म्हणत नाहीत. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायची, हे पोरासोरांना कळतं. जानेवारीत मी त्यांना एकदा राहा म्हणालो होतो. ते शिष्टाचाराप्रमाणे पहिलं 'नको' म्हणाले, बेसबॉलचं निमित्त करून. आणि पुन्हा विचारायच्या ऐवजी मी मोजपट्टी घेऊन बाहेर पडलो होतो. तीन महिने ते माझ्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत टोपी घालून बसले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

"बरं," सासरेबुवा म्हणाले. "एवढं म्हणतोस तर." आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीखाली इतके पांढरे, इतके विरळ केस होते हे मी विसरूनच गेलो होतो.

मार्लिस लायलला परत पाठवायला बाहेर पळाली. सासरेबुवांनी काठीने सुटकेसकडे खूण केली. "ती आत नेऊन ठेव. सांभाळून उचल हं, जड आहे."

मी दोन्ही हातांनी मूठ धरली, पाय रोवले आणि जोर लावून उचलली. सुटकेस छातीपर्यंत उडाली आणि मी मागच्या मागे कोलमडता कोलमडता भिंतीला टेकलो. आत काहीही नव्हतं. ना शर्ट, ना पायजमा, ना दाढीचं सामान.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांची मान जराही हलत नव्हती.

"काय भरलंय काय यात, डॅड!" मी म्हणालो, आणि धापा टाकत, कण्हत, दोनदा भिंतीला टेकून विसावा घेत, ती त्यांच्या खोलीपर्यंत नेली. मार्लिस आत आली आणि मदत करू का म्हणाली. मी म्हणालो, नको, फार जड आहे.